घर बांधावे की टिकवावे? बेघरपणाचे निवारण आणि सरकारी खजिना

महाराष्ट्राच्या विधिमंडळापुढे दरवर्षी जो अर्थसंकल्प मांडला जातो, त्याच्या लेखाशीर्षांत घर नसलेल्यांसाठी घर बांधण्याची तरतूद असते, निराधारांना मासिक अनुदान देण्याची तरतूद असते, आणि अलीकडे अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांतील स्त्रियांच्या खात्यांत रोख रक्कम जमा करण्याचीही फार मोठी तरतूद असते. परंतु ज्या कुटुंबाच्या डोक्यावर आज छप्पर आहे आणि कर्त्या माणसाचे आजारपण, कारखान्याची टाळेबंदी किंवा इमारत धोकादायक ठरविणारी नोटीस यांपैकी एखाद्या कारणाने उद्या ते जाणार आहे, त्या कुटुंबाला जागेवर टिकवून धरण्यासाठी राखून ठेवलेली सर्वसाधारण अशी तरतूद त्यांत आढळत नाही. बेघरांना निवारा देणे आणि कोणी बेघर होऊ नये अशी तजवीज करणे ही दोन कामे परस्परांशी निगडित असली, तरी त्यांचे हिशेब निराळे, साधने निराळी आणि यशाच्या कसोट्याही निराळ्या आहेत. सरकारी पैसा यांपैकी कोणत्या कामाकडे, किती आणि कोणत्या वाटेने वळवावा, याविषयी आपल्याकडे जो दीर्घ वाद चालत आला आहे, त्याची आजची स्थिती काय आहे हे पाहण्याचा येथे उद्देश आहे. उदाहरण म्हणून मुख्यत्वे मुंबई घेतली आहे, कारण गरिबांच्या घरांवर सरकारने पैसा खर्च करण्याच्या बहुतेक सर्व तऱ्हा या एका शहरात कधी ना कधी आजमावून झाल्या आहेत.

मोजदाद आणि तिच्या मर्यादा

२०११ च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री प्रगणकांनी रस्त्याच्या कडेला, पदपथांवर, मोठ्या नळांत, जिन्यांखाली, देवळांच्या मंडपांत आणि रेल्वेच्या फलाटांवर झोपलेल्यांची गणना केली. तिच्यानुसार देशात १७ लाख ७३ हजार, महाराष्ट्रात सुमारे २ लाख ११ हजार आणि बृहन्मुंबईत सुमारे ५७ हजार माणसे बेघर ठरली. बेघरांमध्ये काम करणाऱ्या संस्थांनी हे आकडे वस्तुस्थितीपेक्षा बरेच कमी असल्याचे सातत्याने म्हटले आहे, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य असावे; कारण एका रात्रीत, हातात कंदीलवजा साधन घेऊन, जी माणसे पोलिसांच्या व पालिकेच्या नजरेपासून दूर राहण्यातच शहाणपण मानतात त्यांची पूर्ण गणती होणे दुरापास्त आहे. शिवाय पदपथावर चार बांबू आणि ताडपत्री यांच्या आधाराने उभे केलेले खोपटे हे घर समजावे की घराचा अभाव समजावा, हा निवाडा बऱ्याच अंशी मोजणाऱ्यावर सोडलेला असतो.

तथापि धोरणाच्या दृष्टीने याहून बोलका आकडा दुसराच आहे. केंद्र सरकारने अमिताभ कुंडू यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या तज्ज्ञ गटाने २०१२ साली नागरी भागांतील घरांची तूट १ कोटी ८८ लाखांच्या घरात असल्याचे सांगितले. या तुटीत शब्दशः बेघर असलेल्या कुटुंबांचा वाटा जेमतेम सव्वापाच लाखांचा होता. सुमारे दीड कोटी कुटुंबे घर असूनही दाटीने राहणारी, म्हणजे एकाच खोलीत विवाहित मुलगा, सून, आईबाप आणि लहान भावंडे यांचा संसार ढकलणारी होती. तुटीचा ९५ टक्क्यांहून अधिक भाग दुर्बल व अल्प उत्पन्न गटांत होता. फुटपाथवर प्रत्यक्ष आलेल्यांच्या मागे, त्या वाटेवर कोठेतरी उभी असलेली फार मोठी रांग आहे, हा याचा अर्थ होय. आणि याच सुमारास, त्याच जनगणनेनुसार, मुंबईत सुमारे ४ लाख ८० हजार घरे कुलूप लावून रिकामी पडली होती. घरांचा अभाव आणि घरांची रेलचेल एकाच शहरात शेजारी शेजारी नांदत असतील, तर केवळ आणखी घरे बांधल्याने प्रश्न सुटेल काय, ही शंका या दोन आकड्यांनी प्रथम बळावली.

प्लेगपासून भाडेनियंत्रणापर्यंत

गरिबांच्या घरांसाठी सरकारने पैसा का खर्च करावा, या प्रश्नाचे मुंबईतील पहिले उत्तर भीतीने दिले. १८९६ साली शहरात प्लेग शिरला, लोक शहर सोडून पळू लागले, गिरण्या ओस पडू लागल्या, आणि १८९८ साली सरकारने सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना केली. ज्या ट्रस्टच्या परळ येथील चाळीत पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दीर्घ काळ वास्तव्य केले, त्या ट्रस्टने चाळी बांधल्या हे खरे. पण आरोग्याच्या नावाने जितक्या खोल्या पाडल्या तितक्या उभारल्या नाहीत, अशी टीका तेव्हाच होऊ लागली होती. निवाऱ्यासाठी म्हणून केलेल्या सरकारी खर्चातूनच काही कुटुंबे निवाऱ्याबाहेर फेकली जातात, हा अनुभव या शहराला इतका जुना आहे.

१९२० साली गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकीर्दीत डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघाले आणि त्याने ५० हजार खोल्या बांधण्याचा संकल्प सोडला. त्यासाठी मुंबईत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया कर बसविण्यात आला. ज्या धंद्याला मजूर हवेत, त्या धंद्याने मजुरांच्या निवाऱ्याचा भार काही अंशी उचलावा, हे तत्त्व त्या करात अनुस्यूत होते, आणि पुढच्या शंभर वर्षांत ते फार क्वचितच पुन्हा इतक्या स्पष्टपणे मांडले गेले. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी येथे मिळून २०७ चाळी, म्हणजे १६ हजारांच्या वर खोल्या बांधून झाल्या. १६० चौरस फुटांच्या त्या सिमेंटच्या खोल्यांचे भाडे गिरणीकामगाराच्या मिळकतीशी जुळेना. त्यामुळे अनेक खोल्या कित्येक वर्षे रिकाम्या राहिल्या आणि सविनय कायदेभंगाच्या काळात तर वरळीच्या चाळींचा सरकारने तुरुंगासारखा उपयोग केला. रिकामी घरे आणि बेघर माणसे यांची गाठ न पडण्याचे कारण भाडे हे होते, ही नोंद त्या दप्तरातच आहे. आज याच चाळींच्या जागी म्हाडा उत्तुंग इमारती उभारीत असून मूळ रहिवाशांना ५०० चौरस फुटांची घरे मोफत मिळत आहेत, ही गोष्ट त्या जुन्या कथेला जोडलेले एक अनपेक्षित परिशिष्ट होय.

दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारने स्वतःचा पैसा न खर्चता लोकांना घरात टिकवून धरण्याचा मार्ग शोधला, तो १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याचा. या कायद्याने १९४० च्या सप्टेंबरातील भाडी जवळजवळ गोठविली आणि भाडेकरूला सहजासहजी बेदखल करता येणार नाही अशी व्यवस्था केली. बेघरपणाच्या प्रतिबंधाचा हा महाराष्ट्रातील सर्वांत व्यापक उपाय होता, असे प्रस्तुत लेखकास वाटते. मात्र त्याची किंमत सरकारी खजिन्याऐवजी खासगी मालकाने भरली आणि मालकाने ती इमारतीच्या दुरुस्तीतून वसूल केली. भिंती खचू लागल्या, पावसाळ्यात इमारती कोसळू लागल्या, आणि १९६९ साली दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ स्थापून, रहिवासी व मालक यांच्याकडून उपकर घेऊन, सरकारला या व्यवहारात उतरावे लागले. संक्रमण शिबिरांत काही काळापुरते म्हणून गेलेली कुटुंबे तेथे पिढ्या घालवू लागली, हा त्या मंडळाच्या इतिहासाचा अप्रिय भाग आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ च्या अखेरीस प्रमाणभाड्याच्या गोठविलेल्या तरतुदी अवाजवी ठरविल्या. त्यानंतर आलेला महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून अमलात आला आणि त्याने वार्षिक चार टक्के वाढीस मुभा दिली. दरम्यान भाड्याची घरे बांधण्याचा धंदाच आटत गेला होता. देशातील शहरांत भाड्याने राहणाऱ्यांचे प्रमाण १९६१ साली ५४ टक्के होते, ते २०११ साली २८ टक्क्यांवर आले. या घसरगुंडीचे सर्व खापर भाडेनियंत्रणावर फोडावे की गरिबांच्या मिळकतीवर, याविषयी अर्थशास्त्रज्ञांत एकवाक्यता नाही.

गावात अडविलेली वाट

घरांच्या चर्चेत सहसा ज्याचा उल्लेख होत नाही, पण ज्यावाचून हा आढावा अपुरा राहील, असे एक प्रकरण येथे नोंदविणे अवश्य आहे. वि. म. दांडेकर व नीलकंठ रथ यांनी १९७१ साली दारिद्र्यनिवारणासाठी सार्वजनिक कामांचा पुरस्कार केला आणि पुढच्याच वर्षी महाराष्ट्रावर भीषण दुष्काळ कोसळला. वि. स. पागे यांच्या पुढाकाराने आकाराला आलेल्या रोजगार हमी योजनेला त्या दुष्काळात व्यापक रूप मिळाले. १९७७ साली तिला कायद्याचे अधिष्ठान लाभले आणि १९७९ पासून तो कायदा अमलात आला. तिच्यासाठी १९७५ साली व्यवसाय कर बसविण्यात आला. शहरातील पगारदार, वकील, डॉक्टर आणि व्यापारी यांनी भरलेल्या करातून मराठवाड्यातील वा माणदेशातील मजुराला त्याच्या गावाजवळ खडी फोडण्याचे व बांध घालण्याचे काम मिळावे, अशी ती रचना होती.

या योजनेने स्थलांतर नक्की किती थांबविले, यावर अभ्यासकांत दुमत आहे. ऊसतोडीसाठी बीड जिल्ह्यातून बैलगाड्या व ट्रक भरून निघणारी कुटुंबे आजही थांबलेली नाहीत, आणि वर्षातले पाच-सहा महिने कोपीत काढणारी ही माणसे कोणत्याच गणनेत बेघर म्हणून धरली जात नाहीत. तरीही शहराच्या फुटपाथाकडे येणारी वाट गावातच अडविण्यासाठी शहराने कर द्यावा, हा विचार एकदा कायद्यात उतरला होता आणि त्याला त्या काळी फारसा विरोधही झाला नव्हता. घराच्या नावाने एक पैसाही न खर्चता घर वाचविणाऱ्या सरकारी व्ययाचे याहून स्वच्छ उदाहरण महाराष्ट्रात दुसरे नाही.

न्यायालयाचा प्रवेश

जुलै १९८१ मध्ये, ऐन पावसाळ्यात, मुख्यमंत्री बॅ. अंतुले यांच्या सरकारने पदपथांवरील झोपड्या हटवून तेथील रहिवाशांची त्यांच्या मूळ गावी रवानगी करण्याचा निर्णय घेतला. त्याविरुद्ध पत्रकार ओल्गा टेलिस आणि पदपथवासी यांनी केलेल्या याचिकांवर सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या पीठाने १० जुलै १९८५ रोजी निकाल दिला. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग होय, हे त्या निकालातील तत्त्व देशभर उद्धृत होते. परंतु त्याच निकालाने रीतसर नोटीस देऊन झोपड्या हटविण्याचा पालिकेचा अधिकार मान्य केला आणि पाडकाम फक्त ३१ ऑक्टोबरपर्यंत पुढे ढकलले, हे तितक्या आवर्जून सांगितले जात नाही. १९७६ च्या झोपडपट्टी गणनेत नोंदलेल्यांना पर्यायी जागा द्यावी, असे सांगून न्यायालयाने आणखी एका गोष्टीला नकळत मान्यता दिली. ती गोष्ट म्हणजे अमुक तारखेपूर्वीचा पुरावा असलेला माणूस पात्र आणि बाकीचे अपात्र, हा शिरस्ता.

त्याच वर्षी स्पार्क या संस्थेने भायखळा परिसरातील पदपथवासीयांचे सर्वेक्षण केले. ही कुटुंबे वाट चुकून आलेली नसून वर्षानुवर्षे तेथेच राहणारी आणि जवळपासच्या बाजारांत, गोदींत व घरकामांत राबून शहर चालविणारी आहेत, हे त्यातून दिसले. त्याच कामातून उभ्या राहिलेल्या महिला मिलनच्या बायका पुढे बचतीचे हिशेब आणि घराचे नकाशे घेऊन सरकारी कचेऱ्यांत जाऊ लागल्या.

१९५९ च्या भिक्षाप्रतिबंधक कायद्याने मात्र रस्त्यावरील माणसाकडे पाहण्याची दुसरीच दृष्टी जिवंत ठेवली आहे. त्या कायद्याखाली बेघर मनुष्याला भिकारी समजून पकडता येते आणि स्वीकारकेंद्रात ठेवता येते. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ साली त्यातील बऱ्याच तरतुदी दिल्लीपुरत्या घटनाबाह्य ठरविल्या. मुंबईत जन्मलेला हा कायदा महाराष्ट्रात अजून लागू आहे. एकीकडे निवाऱ्यासाठी अनुदान आणि दुसरीकडे निवारा नसल्याबद्दल अटक, असे दोन खर्च एकाच खजिन्यातून होत असतात.

आजचे पक्ष

सरकारी पैसा कोठे जावा याविषयी आज जी मते आग्रहाने मांडली जातात, त्यांतील पहिले रात्रनिवाऱ्यांचे. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली अन्नाच्या हक्काच्या खटल्यात दिलेल्या आदेशांनी दर एक लाख लोकसंख्येमागे किमान एक निवारा हे प्रमाण रूढ केले आणि २०१३ च्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात त्यासाठी स्वतंत्र योजना आली. या प्रमाणाने सव्वा कोटींच्या मुंबईत सव्वाशेच्या आसपास निवारे हवेत; प्रत्यक्षातील संख्या त्याच्या जवळपासही गेलेली नाही. समर्थकांचे म्हणणे असे की, घरे होतील तेव्हा होतील, पण आज रात्री पावसात भिजणाऱ्या माणसाला तोवर थांबावयास सांगणे अमानुष आहे. यावर आक्षेप येतो तो मुंबईच्या विशिष्ट परिस्थितीतून. उत्तरेतील थंडीत एकेकट्या पुरुषांसाठी जी कल्पना उपयोगी पडली, ती येथे चुलीसह, मुलांसह आणि भांड्याकुंड्यांसह फुटपाथवर संसार मांडलेल्या कुटुंबाला कशी पुरावी? नवऱ्याने एका दालनात, बायकोने दुसऱ्यात आणि सामानाने रस्त्यावर, अशी व्यवस्था हे कुटुंब स्वीकारीत नाही आणि मग निवारे रिकामे असल्याचा अहवाल तयार होतो.

दुसरा पक्ष जमिनीचा. लोकांना घर बांधून देण्याच्या भरीस सरकारने पडू नये; त्यांना जागेची हमी, पाणी, गटार आणि रस्ता द्यावा, घर ते स्वतः आपल्या ऐपतीप्रमाणे वाढवीत नेतील, असे हे मत आहे. १९७१ च्या झोपडपट्टी अधिनियमानंतरच्या सुधारणा आणि १९८५ पासून जागतिक बँकेच्या साहाय्याने राबविलेला नागरी विकास प्रकल्प यांनी या मताला आधार दिला. त्या प्रकल्पात चारकोप व गोराई येथे लहान लहान भूखंड आखून दिले गेले, झोपडीवासीयांच्या सहकारी संस्थांना तीस वर्षांच्या भाडेपट्ट्याने जमिनी देण्यात आल्या. चारकोपच्या गल्ल्या आज पाहिल्या, तर एकमजली खोपटांची पक्की घरे झालेली दिसतात, आणि या पक्षाच्या बाजूचा तो सर्वांत भक्कम पुरावा आहे. परंतु जमिनीचे भाव ज्या गतीने चढले, त्या गतीपुढे विस्तीर्ण, ठेंगण्या वसाहतींसाठी शहरात जागा सोडण्यास कोणतेच सरकार पुढे धजावले नाही.

तिसऱ्या मार्गाविषयी अधिक विस्ताराने लिहावयास हवे, कारण गेली तीस वर्षे धोरणावर त्याचेच राज्य आहे. १९९१ साली मर्यादित रूपात सुरू झालेली आणि १९९५ नंतर झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाच्या हाती गेलेली ही योजना अशी आहे की, विकासकाने झोपडीवासीयांना मोफत घरे बांधून द्यावीत आणि त्याच्या बदल्यात वाढीव चटईक्षेत्र निर्देशांकाच्या आधारे बांधलेली जादा घरे खुल्या बाजारात विकावीत. घराचे क्षेत्रफळ २२५ चौरस फुटांपासून २६९ आणि पुढे ३०० चौरस फुटांपर्यंत वाढले. चाळीस लाख लोकांना, म्हणजे आठ लाख कुटुंबांना घरे देण्याची घोषणा त्या वेळी झाली होती. तीन दशके उलटली तरी तो पल्ला बराच दूर आहे.

योजनेच्या बाजूने बोलणारे विचारतात की, ज्या सरकारजवळ लाखो घरांना पुरेल इतका पैसा कधीच असणार नव्हता, त्याने बाजाराच्या पैशातून एक लाख घरे जरी उभी केली, तरी ती करदात्यावर भार न टाकता झाली, हे नाकारता येईल काय? हा प्रश्न रास्त आहे. मात्र त्यात एक गृहीत दडले आहे, ते असे की, चटईक्षेत्र म्हणजे पैसा नव्हे. वाढीव चटईक्षेत्र ही शहराची सामाईक मालमत्ता आहे; ती देणे हा खर्चच होय, केवळ तो अर्थसंकल्पातून न जाता विकास नियमावलीतून जातो आणि म्हणून विधिमंडळात त्यावर मतदान होत नाही. प्रस्तुत लेखकास ही या मार्गातील सर्वांत मोठी उणीव वाटते. दुसरे असे की, जेथे जमिनीला भाव आहे तेथेच हा पैसा धावतो; कलिना वा वरळीतील झोपडपट्टीला विकासक मिळतो, मालेगावातील वा भिवंडीतील वस्तीला मिळत नाही. तिसरे, जुने घर पाडल्यापासून नवे मिळेपर्यंत विकासकाने जे भाडे द्यावयाचे असते ते अनेक प्रकल्पांत थकले, प्रकल्प वर्षानुवर्षे अडले, आणि ज्या कुटुंबाकडे निदान झोपडी होती ते भाड्याच्या खोल्या बदलीत फिरू लागले. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १९७१ च्या अधिनियमाच्या अंमलबजावणीचा समग्र आढावा घेण्यास मुंबई उच्च न्यायालयास सांगितले, त्यामागे अशा तंट्यांचा साठलेला ढीग हे एक कारण होते. नव्या इमारतीत गेल्यावरही उद्वाहनाचा, पाण्याच्या पंपाचा व देखभालीचा मासिक खर्च सुरू होतो. तो न पेलल्याने ठरावीक मुदतीपर्यंत विक्रीस बंदी असूनही कित्येक कुटुंबे ते घर गुपचूप दुसऱ्यास देऊन पुन्हा झोपडीत जातात. त्यांनी फायदा उपटला असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. मिळकत न वाढविता मालमत्ता दिली, तर ती मिळकतीकडेच परत वाहते, असेही त्याचे वाचन करता येईल.

मालकीच्या घरासाठी थेट अनुदान हा याचाच सौम्य प्रकार. ग्रामीण भागात १९८५ च्या इंदिरा आवास योजनेपासून आजच्या प्रधानमंत्री आवास योजनेपर्यंत, आणि राज्याच्या रमाई, शबरी इत्यादी घरकुल योजनांपर्यंत, ज्याच्याकडे जागा आहे त्याला याचा निःसंशय लाभ झाला. सपाट प्रदेशात १ लाख २० हजार रुपये हे अनुदान घर पुरे करण्यास तोकडे पडते, पण पाया घालण्यास बळ देते. जागाच नसलेल्या भूमिहीनासाठी राज्याने जागाखरेदीचे वेगळे अर्थसाहाय्य सुरू केले, हा विचारी निर्णय होय. शहरात मात्र जागा हाच सारा प्रश्न असल्याने तेथे हे अनुदान दूरच्या उपनगरांतील घरांकडे वळते, आणि घर विरारपलीकडे व काम दादरला असले म्हणजे घर राहूनही संसार मोडण्याचा धोका उरतोच.

भाडे आणि रोख साहाय्य

या सर्वांपेक्षा कमी चर्चिला गेलेला पक्ष म्हणतो की, घर हा विटांचा प्रश्न असण्याआधी दरमहा भाडे भरण्याचा प्रश्न आहे; म्हणून अल्प उत्पन्नाच्या कुटुंबाला भाड्यात, अनामत रकमेत किंवा थेट मिळकतीत साहाय्य द्यावे. मुंबईत अकरा महिन्यांचा करार संपताना वाढलेले भाडे, नव्या खोलीची अनामत आणि दलाली ही तिन्ही एकदम अंगावर येतात, आणि घरात एखादे शस्त्रक्रियेचे आजारपण त्याच वेळी निघाले तर कुटुंब एका पावसाळ्यात चाळीतून झोपडीत आणि झोपडीतून फुटपाथवर येऊ शकते. इंग्लंडात २०१८ पासून अमलात असलेल्या कायद्याने ५६ दिवसांत घर जाण्याचा धोका असलेल्या माणसाला साहाय्य करणे हे स्थानिक प्रशासनाचे कर्तव्य ठरविले आहे. आपल्याकडे त्याचा प्रतिरूप नाही. केंद्राच्या २०१५ च्या भाड्याच्या घरांविषयीच्या धोरण-मसुद्यात भाडेपत्रिकेची (रेंट व्हाउचरची) कल्पना होती, ती मसुद्यापलीकडे फारशी गेली नाही.

महाराष्ट्राने भाड्याचा प्रयोग केलाच नाही असे नाही. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने २००८ साली १६० चौरस फुटांची घरे भाड्याने देण्याची योजना काढली. घरे बांधली गेली, पण ती भाड्याने देण्याचे यंत्र उभे राहिले नाही, आणि पनवेलजवळच्या कोन येथील घरे अखेरीस सोडत काढून गिरणीकामगारांना मालकीने देण्यात आली. करोनाच्या टाळेबंदीत मजुरांचे तांडे महामार्गांवर दिसल्यावर केंद्राने २०२० साली परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची योजना जाहीर केली, तिच्याखाली सरकारी मालकीच्या रिकाम्या घरांपैकी अल्पांशच भाड्याने गेला. भाडे गोळा करणे, गळकी छपरे दुरुस्त करणे आणि थकबाकीदाराला काढावे की सांभाळावे हे ठरविणे ही कामे घर बांधून फीत कापण्याइतकी सुलभ नाहीत, हे यामागचे साधे कारण असावे.

भाडेसाहाय्याला घेतला जाणारा गंभीर आक्षेप अर्थशास्त्रीय आहे. जेथे घरांचा पुरवठा ताठर आहे, तेथे भाड्यासाठी दिलेला पैसा भाडे वाढवून शेवटी मालकाच्या खिशात जाईल, असे हा आक्षेप म्हणतो. शिवाय झोपडपट्टीतील बहुतेक भाडेव्यवहार तोंडी असतात. पावती नाही, करार नाही, मग साहाय्य कोणत्या कागदावर द्यावे? यावर रोख साहाय्याचे पुरस्कर्ते उत्तर देतात की, म्हणूनच ते भाड्याशी न जोडता कुटुंबाला द्यावे. जुलै २०२४ पासून सुरू झालेल्या लाडकी बहीण योजनेत अडीच लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील स्त्रियांना दरमहा १५०० रुपये मिळतात, संजय गांधी निराधार योजना १९८० पासून चालू आहे. १५०० रुपयांत मुंबईच्या उपनगरातील खोलीचे भाडे निघत नाही, हे उघड आहे. पण गावाकडे तोच पैसा सावकाराचा हप्ता चुकवू शकतो. तो बेघरपणा कितपत रोखतो, हे सांगण्यासाठी ज्या प्रकारची पाहणी लागेल ती या योजनेच्या हेतूंतच समाविष्ट नाही. आणि समोर दुसरा हिशेब आहेच. इतकी मोठी आवर्ती रक्कम सर्वांना थोडी थोडी वाटावी, की ज्याचे घर जाण्याच्या बेतात आहे त्याला नेमक्या वेळी एकदाच पुरेशी द्यावी? दुसरा मार्ग स्वस्त दिसतो, परंतु नेमकी वेळ आणि नेमका माणूस ओळखणारी कचेरी आज कोणत्याच प्रभागात नाही.

जे सुटलेले नाही

पात्रतेची तारीख हा पहिला गुंता. १९७६, १९८५, १९९५, २००० आणि सशुल्क घरांसाठी २०११ अशी ती पुढे सरकत आली, आणि प्रत्येक वेळी ती सरकविणारा तिला शेवटची म्हणाला. तारखेवाचून सरकारी दायित्वाला सीमा राहणार नाही, हे प्रशासनाचे म्हणणे निराधार नाही. परंतु जो सर्वांत अलीकडे आला, ज्याच्याकडे कागद नाहीत, तोच बेघर होण्याच्या सर्वाधिक निकट असतो, त्यामुळे तारीख ज्यांना वगळते त्यांच्यासाठीच मुळात प्रतिबंधाची गरज असते. माळ्यावर भाड्याने राहणारे, दरवर्षी खोली बदलणारे आणि नवऱ्याच्या नावाच्या कागदावर अवलंबून असलेल्या परित्यक्ता यांना हे विशेषच लागू पडते.

खर्च कोणी करावा, हा दुसरा. १९९२ च्या घटनादुरुस्तीने झोपडपट्टी सुधारणा व नागरी दारिद्र्यनिवारण ही कामे पालिकांच्या यादीत घातली, त्यांच्यासाठी उत्पन्नाचे साधन मात्र नेमून दिले नाही. केंद्राची योजना असेल तोवर निवारा चालतो, अनुदान थांबले की संस्थेचे वेतन थकते. कापसाच्या गाठीवरील रुपया किंवा व्यवसाय कर यांसारखे निश्चित उद्दिष्टाचे करसाधन पुन्हा शोधावे, असे काही जण सुचवितात. असे कर पुढे सर्वसाधारण महसुलात विरघळून जातात, अशी वित्त विभागाची जुनी भीती आहे आणि तिला अनुभवाचा आधारही आहे.

धारावीच्या पुनर्विकासाने या वादात एक नवा अध्याय उघडला आहे. तेथे पात्र ठरणाऱ्यांना ३५० चौरस फुटांची घरे आणि अपात्रांना धारावीबाहेर भाडेतत्त्वावरील घरे, असे धोरण आहे. अपात्रालाही काही देणे लागतो, ही कबुली पूर्वीच्या कोणत्याही मोठ्या योजनेपेक्षा पुढची आहे. पण ते भाडे किती असेल, काम धारावीतच राहिलेल्या कुंभाराला वा चामड्याच्या कारागिराला तेथून रोज येणे परवडेल काय, आणि भाडे थकले तर पुढे काय, यांची उत्तरे प्रकल्प पुढे सरकेल तशी मिळतील. २०२५ च्या राज्य गृहनिर्माण धोरणाने २०३० पर्यंत ३५ लाख घरांचे उद्दिष्ट ठेवले आहे आणि नोकरदार स्त्रिया, विद्यार्थी व ज्येष्ठ यांच्यासाठी भाड्याच्या घरांचाही उल्लेख केला आहे. धोरणाची मोजणी मात्र अद्याप बांधलेल्या घरांतच होते. किती कुटुंबांचे घर जाता जाता राहिले, यासाठी त्यात रकाना नाही.

आणि शेवटी पुन्हा मोजदाद. शहराला किती निवारे हवेत, किती अनुदान मिळावे, याचे गणित अजून २०११ च्या लोकसंख्येवर चालते. १ मार्च २०२७ हा पुढच्या जनगणनेचा संदर्भदिन ठरला आहे. सोळा वर्षांच्या अंतरानंतर होणाऱ्या त्या गणनेत बेघरांची नोंद कशी घेतली जाते, आणि फुटपाथवरील ताडपत्रीखालचे बिऱ्हाड कोणत्या सदरात लिहिले जाते, यावर पुढच्या दशकातील अनुदानाचे वाटप बरेचसे ठरेल.